उभ्या गाडीची जबाबदारी

२९ ऑक्टोबर १९८७ची पहाट. तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर, सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ, पेट्रोलने भरलेला टँकर आणि समोरून आलेला ट्रक एकमेकांवर आदळले. टँकर रस्ता सोडून वीसेक फुटांवर उतरत्या जमिनीवर एका कुशीवर आडवा झाला. टाकीतून पेट्रोल गळू लागले. उजाडले तशी माणसे जमली. धडकेला चार तास उलटून गेल्यावर, सव्वासातच्या सुमारास, त्या टँकरचा स्फोट झाला. जमलेल्यांपैकी अनेक जण होरपळले, काही मरण पावले.

मरण पावलेल्यांपैकी एकाच्या आईने भरपाईचा अर्ज केला. कोणाची चूक हे न पाहता तातडीने द्यायची रक्कम त्या वेळच्या कायद्यात १५,००० रुपये होती. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. धडक वेगळी, स्फोट वेगळा. आडवा पडलेला टँकर काही ‘वापरात’ नव्हता, असे त्याचे म्हणणे. उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. टँकरमालक आणि विमा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९९१ मध्ये तिथेही हरले. गाडी धावत असेल तेवढाच काळ ती वापरात असते असे नाही, बिघाडामुळे किंवा अपघातामुळे ती रस्त्याकडेला निपचित पडलेली असली तरी तो तिचा वापरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. उतारावर आडवा पडलेला, पेट्रोल गळणारा टँकर हाच स्फोटाचा धोका होता. मधले चार तास तो धोका पुसून टाकू शकत नव्हते.

गाडी लावली, किल्ली खिशात टाकली, की गाडी चालवण्याचे काम संपले असे आपल्याकडे जवळपास प्रत्येकाला वाटते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअर शिकवतात, सिग्नल शिकवतात, आठचा आकडा काढून घेतात. गाडी सोडून जाताना काय करायचे हे कोणी शिकवत नाही. कायद्याने मात्र त्यावर बारकाईने विचार केलेला आहे, आणि तोही मोटारी येण्याच्या आधीपासून.

१८४१ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात एका घोडागाडीचा खटला आला. गाडीवान घोड्यासकट गाडी रस्त्यात तशीच सोडून अर्धा तास निघून गेला होता. शेजारची पोरे गाडीशी खेळू लागली. सात वर्षांच्या आतला एक मुलगा वर चढला, दुसऱ्याने घोडा पुढे काढला, वरचा पडला आणि चाकाखाली त्याचा पाय मोडला. गाडीवानाचा मालक म्हणाला, पोरांनी आगाऊपणा केला त्याला मी काय करू? न्यायालयाने ऐकले नाही. मोकळी गाडी दिसली की पोरे चढणारच, हे कुणाही शहाण्या माणसाला कळायला हवे होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३५ साली, ‘हेन्स विरुद्ध हारवुड’ या खटल्यात तोच विचार पुढे गेला. लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यावर दोन घोड्यांची गाडी वाऱ्यावर सोडलेली. एका मुलाने दगड मारला, घोडे उधळले, रस्त्यातल्या बायकापोरांना वाचवायला एक पोलीस धावला आणि जखमी झाला. भरपाई घोडेवाल्याला द्यावी लागली. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत हा खटला आजही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

या दोन्हींच्या मधला, १९२५चा एक निकाल तर थेट मोटारीचा आहे. फोकस्टोन गावात चढाच्या माथ्यावर एक लॉरी उभी होती, इंजिन चालू, ब्रेक नीट लावलेला नाही, चालक जागेवर नाही. ती आपोआप सुटली आणि अरुंद उतरत्या रस्त्यावरून खाली आली. नुकतीच आपल्या मुलांना त्याच रस्त्याने पाठवून मागे राहिलेल्या आईने ती येताना पाहिली. त्या धसक्याने ती आजारी पडली आणि पुढे मरण पावली. लॉरीवाल्यांनी आपला निष्काळजीपणा कबूलच केला. वाद होता तो केवळ धसक्याची भरपाई मिळते का याचा.

भारतातल्या १९३९च्या मोटार वाहन कायद्यात उभ्या वाहनाचे स्वतंत्र कलम होते. १९८८च्या आजच्या कायद्यात ते १२६वे कलम आहे. त्याचा मजकूर एका वाक्याचा, पण तो सावकाश वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर दोनच मार्ग आहेत. एक तर चालकाच्या आसनावर ती गाडी चालवण्याचा परवाना असलेली व्यक्ती बसलेली हवी. नाही तर इंजिन बंद हवे आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा चालक नसताना गाडी चुकूनही हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. तिसरा मार्ग कायद्यात नाही.

आता संध्याकाळी सातला कुठल्याही गावातल्या औषधांच्या दुकानासमोर उभे राहून पाहावे. गाडी रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू, एसी चालू, चारही इंडिकेटर लुकलुकतायत. गृहस्थ ‘आलोच हं’ म्हणून काउंटरवर गेलेले. शेजारच्या सीटवर त्यांची आई, मागे दोन मुले. त्यातला धाकटा पुढच्या दोन सीटांमधून हात घालून गिअरच्या दांड्याशी खेळतोय. या गाडीत तीन माणसे आहेत आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने तिला राखण नाही, कारण चालकाच्या आसनावर कोणी नाही. गृहस्थांची आई स्टिअरिंगमागे सरकून बसली तरी तिच्याकडे परवाना नसेल तर उपयोग शून्य. ट्रकमध्ये ‘क्लीनरला बसवून गेलो होतो’ हे उत्तर सर्रास मिळते. क्लीनरकडे जड वाहनाचा परवाना नसेल तर त्याचे बसणे आणि न बसणे सारखेच. चारही इंडिकेटर लावले की कुठेही थांबायची मुभा मिळते, हा समज तर कुठून आला कोण जाणे. कायद्यात तशी सवलत नाही.

आणि ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे फक्त रस्ता नव्हे. लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा, आणि टप्पा वाहतुकीच्या गाड्या जिथे प्रवासी चढवतात-उतरवतात ती ठिकाणे, म्हणजे एसटीची स्थानके, हेही कायद्याच्या व्याख्येत येते.

ब्रेक लावायचा म्हणजे नेमके काय, हे यंत्राच्या बाजूने पाहायला हवे. वीस फुटांना एक फूट असा अगदी मामुली चढ घेतला तरी हजार किलोच्या गाडीला उताराकडे ओढणारा जोर पन्नास किलो भरतो. रस्ता नजरेला सपाट वाटतो आणि गाडीला तो सपाट नसतो. ज्या गाड्यांत हँडब्रेकची तार असते तिथे ती कालांतराने ताणते. शिवाय घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात. ते थंड होताना आकसतात आणि मघाशी घट्ट वाटलेली पकड सैल पडू शकते. म्हणून जुने चालक ब्रेकवर एकट्यावर विसंबत नाहीत. चढाला तोंड असेल तर पहिला गिअर, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स. इंजिनाची स्वतःची अडवणूक ब्रेकच्या मदतीला येते. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ वर दांडा टाकल्यावर आत एक छोटा खटका चक्राच्या दातात अडकतो. त्या एवढ्याशा खटक्यावर गाडीचे सगळे वजन टाकू नये म्हणून आधी हँडब्रेक, मग ‘पी’, हा क्रम.

जड गाडीला यावर आणखी एक गोष्ट लागते. चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा, म्हणजे उटी. कायद्यातली ‘दुसरी तजवीज’ ती हीच. उताराला तोंड असेल तर पुढची चाके कडेच्या कठड्याकडे वळवून ठेवणे ही त्याच जातीची युक्ती आहे: गाडी सुटलीच तर कठड्याला टेकून थांबते. घाटात मात्र याचा विचार उलटा करावा लागतो. जिथे एका अंगाला दरी आहे तिथे चाके डोंगराच्या बाजूला वळलेली हवीत.

किल्लीचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांचा कायदा चालकाला ओळीने कामे सांगतो: इंजिन बंद कर, कुलूप लाव, किल्ली काढून घे, ब्रेक ओढ, उतार असेल तर चाके कडेला वळव. जर्मनीच्या वाहतूक नियमांत परक्या माणसाने गाडी वापरू नये याची खबरदारी घेणे हे चालकाचे वेगळे कर्तव्यच आहे. आपल्या १२६व्या कलमाचा भर गाडी चुकून हलू नये यावर आहे, चोरीवर नाही. म्हणून किल्ली गाडीतच ठेवणाऱ्याला पोलीस अडवतील असे नाही. ते काम विम्याचा कागद करतो.

मोटारीच्या विमापत्रात अटींची जी बारीक अक्षरांतली पाने असतात त्यात एक अट अशी असते की वाहन हानीपासून वाचवण्यासाठी मालकाने सर्व वाजवी काळजी घ्यावी, आणि अपघात किंवा बिघाड झाल्यावर पुढील नुकसान टाळण्याची योग्य खबरदारी न घेता गाडी बेवारस सोडू नये. गाडी चोरीला गेल्यावर कंपनी पहिल्याच भेटीत दोन्ही किल्ल्या मागते, ती या अटीपोटी. एक किल्ली कमी असली की पुढचा प्रश्न ठरलेला: ती गाडीतच राहिली होती का?

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक ट्रक आला. चालक आणि त्याचा मदतनीस पत्ता विचारायला खाली उतरले, किल्ली आतच राहिली, आणि तेवढ्यात ट्रक पळवला गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाच्या विरोधात निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने पाहिले की चालक उतरणे आणि चोरी लक्षात येणे यात फार थोडा वेळ गेला होता. ही चूक आहे, पण विमाच रद्द व्हावा एवढी मोठी नाही, असे ठरवून न्यायालयाने ७५ टक्के रक्कम मंजूर केली. निकाल मालकाच्या बाजूचा म्हणून सांगितला जातो. त्यात एका विसरलेल्या किल्लीपायी गेलेले २५ टक्केही आहेत, आणि ७५ टक्क्यांसाठी दिल्लीपर्यंत घातलेले खेटेही.

घरातल्या खुंटीवर लटकणाऱ्या किल्लीलाही कायदा आता विचारतो. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या १९९-अ कलमानुसार अल्पवयीन मुलाने गाडी घेऊन गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. गाडी मुलाने पालकांच्या संमतीनेच नेली असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे. किल्ली कुठे ठेवली होती, हा अशा वेळी पुराव्याचा मुद्दा होतो.

मोठ्या गाड्यांच्या बाबतीत ही राखण एकट्या चालकाच्या हातात नसते. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यात एसटीच्याच एका चालकाने स्वारगेट आगारातून बस परवानगीशिवाय बाहेर काढली आणि सकाळच्या गर्दीत बेफाम चालवली. नऊ माणसे मेली. त्याच स्वारगेटला फेब्रुवारी २०२५ मध्ये, पहाटे, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. दोन घटनांचे स्वरूप अगदी निराळे, आणि गुन्हा सर्वस्वी गुन्हेगाराचाच. पण उभी बस बंद कोणी करायची, तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न दोन्ही वेळा उरला. बस उभी करून चालक हजेरी लावायला गेला की तिची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर चढायला हवी. ती कागदावर चढते, दाराच्या कुलपापर्यंत पोहोचत नाही.

गाडी कशी सोडली याच्या जोडीला ती कुठे सोडली हेही कायदा पाहतो. १२२व्या कलमाप्रमाणे कुणाला धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशी गाडी उभी करता येत नाही. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलावर, पदपथावर, चौकाजवळ, सिग्नलजवळ, शाळा-रुग्णालयाच्या दारात, बसथांब्यावर, अग्निशमनाच्या नळासमोर, दुसऱ्या उभ्या गाडीला लागून दुसरी रांग करून: ही यादी १९८९च्या नियमांत होती, आणि २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या चालन विनियमांनी घेतली तरी तिचा गाभा बदललेला नाही. यादी पाठ करण्याची गरज नाही. गाडीपाशी उभे राहून पाहावे: इथून एखादे पोर रस्ता ओलांडायला निघाले तर ते येणाऱ्या गाडीला दिसेल का? रुग्णवाहिका वळेल का? यादीतली जवळपास प्रत्येक जागा या दोन प्रश्नांत नापास होते.

दंडाचे आकडे फार मोठे नाहीत. पहिल्या वेळी ५००, पुन्हा केल्यास १,५०० रुपये. वाहतुकीला अडथळा केला तर २०१व्या कलमाखाली ५०० रुपयांपर्यंत आणि ओढून नेण्याचा खर्च वेगळा. भारतीय न्याय संहितेतल्या २८५व्या कलमाने मात्र सार्वजनिक वाटेत अडथळा किंवा धोका निर्माण करण्याचा दंड ५,००० रुपयांपर्यंत नेला. जुन्या दंड संहितेत तो कित्येक दशके २०० रुपयांवर अडकून होता. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगला ५,००० ते २३,००० रुपये आकारायला सुरुवात केली तेव्हा मोठी ओरड झाली आणि पुढे रकमा उतरवाव्या लागल्या.

१२७वे कलम बेवारस गाड्यांचे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेली गाडी, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी, हलवण्याचा अथवा तिला जॅमर लावण्याचा आदेश हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. मोडकी, जळकी किंवा अर्धी सुटी केलेली गाडी रहदारीला धोका ठरत असेल तर दहा तासांची वाटही पाहावी लागत नाही. खर्च मालकाचा. सोसायटीबाहेर चार पावसाळे पाहिलेली, टायर बसलेली, बॉनेटवर मांजरांचे बस्तान असलेली गाडी आपल्या प्रत्येक गल्लीत असते. दहा तासांचे हे कलम तिच्यासाठीच आहे, पण कोणी तक्रार केल्याशिवाय ते जागे होताना क्वचितच दिसते.

उलट टोकाला नोव्हेंबर २०१७ची मालाडची घटना. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसलेली असताना वाहतूक पोलिसांनी गाडी ओढत नेली. चित्रफीत देशभर पसरली, पोलीस निलंबित झाला. गाडीत माणूस आहे म्हणून नो पार्किंगमधली गाडी कायदेशीर ठरत नाही, दंड व्हायला हरकत नाही. पण माणसासकट गाडी ओढणे हा त्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे, आणि टोइंगचे कलम त्यासाठी लिहिलेले नाही.

बेवारस गाडीकडे पाहण्याची मुंबईची नजर १२ मार्च १९९३ ने बदलली. त्या दिवशीच्या साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली. आरडीएक्सने भरलेल्या मोटारी आणि स्कूटर ठिकठिकाणी शांतपणे लावून ठेवलेल्या होत्या. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी कारमायकेल रोडवर उभी असलेली स्कॉर्पिओ सुरक्षारक्षकांच्या डोळ्यांत खुपली ती याच सरावाने, आणि तिच्यात २० जिलेटिन कांड्या सापडल्या. घाईत कुठेही टाकलेल्या गाडीपाशी बॉम्बशोधक पथक येते तेव्हा मालकाला तो छळ वाटतो. ज्यांनी त्या स्फोटांनंतरचा झवेरी बाजार पाहिलाय त्यांना वाटत नाही.

गाडीत कोणाला मागे ठेवले, याबद्दल आपल्या मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र कलम नाही, आणि ते असायला हवे. बंद काचांच्या गाडीत उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच तापमान साधारण दहा अंशांनी चढते. बाहेर ३५ असेल तर आत ४५. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. काच बोटभर खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. बालन्याय कायद्याचे ७५वे कलम मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्याला लागू होते, कुत्र्यासाठी १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. पण हे दोन्ही घटना घडून गेल्यावर उघडायचे कायदे. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला आत ठेवणाऱ्याला अडवणारे आज काचेवर टकटक करणारे शेजारचे माणूसच आहे. त्याने टकटक करावी.

सगळ्यात जास्त जीव जातात ते महामार्गावर, अंधारात. १५ ऑक्टोबर २०२३च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्यांची टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर मागून आदळली. बारा जण जागीच गेले. आरटीओच्या पथकाने तो ट्रक महामार्गावर थांबवायला लावल्याचा आरोप झाला आणि ट्रकचालकाबरोबर आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांनाही अटक झाली. गाडी उभी करणारा हात चालकाचा असला तरी ती उभी करायला लावणाराही जबाबदार असू शकतो, हे त्या अटकेने दाखवले.

मागून आदळणाऱ्याचीच चूक, हा आपल्याकडचा जुना हिशेब. न्यायालये तो आता तसाच मानत नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री रस्त्याच्या मधोमध, पार्किंग लाइट न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरचा खटला ऐकला. उच्च न्यायालयाने निम्मा दोष आदळलेल्या कारच्या चालकावर टाकला होता. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात अंधारातला टँकर दिसणे शक्य नव्हते, म्हणत सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दोष टँकरचालकाचा ठरवला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा तेच. चौदा चाकी ट्रेलर महामार्गावर मधोमध सोडलेला, आजूबाजूला कसलीही खूण नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यावर कार आदळून एका कुटुंबातली माणसे गेली. खालच्या न्यायालयांनी कारचालकाची चूक धरून भरपाई कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२२ आणि १२६ ही कलमे पुढे ठेवून ती कपात रद्द केली. अपघात आणि हा निकाल यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली.

हिशेब करून पाहिला की न्यायालयाचे म्हणणे पटते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-४० मीटर. एकूण ७०. उतरवलेल्या हेडलाइटचा उजेड बहुधा पन्नास मीटरच्या आतच संपतो. मागे दिवा नसलेला, धुळीने रिफ्लेक्टर झाकलेला ट्रक जेव्हा दिसतो, तेव्हा थांबायला लागणारे अंतर आधीच संपलेले असते.

बंद पडलेल्या गाडीवर कायदा अन्याय करत नाही. अचानक बिघाड झाला असेल आणि गाडी हलवण्याची खटपट चालू असेल तर २०१व्या कलमाचा दंड लागत नाही, अशी तरतूद २०१९ मध्ये आली. पण तेवढ्या वेळात मागून येणाऱ्याला सावध करणे हे चालकाचेच काम आहे. त्यासाठीचा लाल त्रिकोण बहुतेक गाड्यांच्या डिकीत, स्टेपनीजवळ, प्लास्टिकच्या डबीत न उघडलेला पडून असतो. त्याऐवजी आपल्या रस्त्यांवर दिसतात ते झाडाचे डहाळे आणि दगड. ट्रकमागे दोन हातांवर मांडलेली फुटबॉलएवढ्या दगडांची रांग. काळा रस्ता, काळे दगड. ट्रक दुरुस्त होतो, निघून जातो, आणि दगड तिथेच राहतात. मग एखादी मोटारसायकल रात्री त्यावर चढते.

म्हणून गाडी बंद पडलीच तर ती साइडपट्टीच्या पलीकडे जेवढी जाईल तेवढी न्यावी. चारही इंडिकेटर आणि पार्किंग लाइट लावावेत, बसलेल्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभे करावे. रस्त्याच्या कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवून मागे जावे आणि त्रिकोण किमान शंभर पावलांवर ठेवावा. वळण असेल तर येणाऱ्या गाड्यांच्या बाजूने वळणाच्या अलीकडे. आणि गाडी सुरू झाली की निघण्यापूर्वी मागे जाऊन तो त्रिकोण, आणि चाकाला लावलेला प्रत्येक दगड, स्वतःच्या हाताने उचलून बाजूला टाकावा.